परक्या नावाचा शोध

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे नवीन वर्गावरील माझा पहिला तास एका ठरलेल्या रीतीने जातो. हजेरी घेताना मी प्रत्येक विद्यार्थ्यास उभे करतो आणि त्यास त्याच्या नावाचा अर्थ पुसतो. ज्यास तो सांगता येतो त्याची पाठ थोपटतो. ज्यास येत नाही त्यास दुसऱ्या दिवशी घरून विचारून येण्यास सांगतो. ह्या निमित्ताने गिरगावच्या वाडीतील एखाद्या आजीस नातवाशी दोन घटका बोलावयास मिळते, लालबागच्या चाळीतील एखाद्या बापास आपण मुलाचे नाव कोणत्या हेतूने ठेवले होते ह्याची आठवण होते, आणि मलाही भाषेच्या शिकवणीस एक सोपा आरंभ सापडतो. तत्पुरुष आणि बहुव्रीही हे समास मी व्याकरणाच्या पुस्तकातून जितके शिकविले असतील, त्याहून अधिक 'चंद्रशेखर', 'गजानन' आणि 'पद्मनाभ' ह्या नावांवरून शिकविले आहेत.

२०१० सालच्या जूनमधील गोष्ट. हजेरी संपली, सर्वांच्या नावांचे अर्थ फळ्यावर लिहून झाले, आणि मी खडू खाली ठेवीत असता शेवटच्या बाकावरील एक चुणचुणीत मुलगा उभा राहून अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, आपल्या नावाचा अर्थ काय?"

त्याच्या प्रश्नात थट्टा मुळीच नव्हती. तथापि मी गडबडलो. दहा वर्षे मी मुलांना त्यांच्या नावांचे अर्थ विचारीत आलो होतो, आणि माझ्या स्वतःच्या नावाचा अर्थ मला ठाऊक नव्हता! "उद्या सांगेन," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाच्या तोंडचे हे 'उद्या' विद्यार्थी किती सहज ओळखतात हे आम्हा शिक्षकांस चांगले माहीत असते. तो मुलगा मुकाट्याने खाली बसला. मी मात्र त्या दिवशी पुढे नीट शिकवू शकलो नाही.

माझे नाव माल्कम. शाळेच्या दप्तरात, सूचनाफलकावर आणि ह्या वार्षिकातदेखील मी ते आजवर पूर्ण लिहीत नसे, 'एम्.' एवढे एक अक्षर लिहून पुढे आडनाव जोडीत असे. अनेकांस वाटे, हे मोहन किंवा मनोहर असतील. मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. असे का, हे सांगावयाचे तर मला वाचकांस परळच्या एका चाळीत न्यावे लागेल.

माझे वडील एका कापडगिरणीच्या दुरुस्तीखात्यात फिटर होते. १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस मुंबईच्या गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला. साठांहून अधिक गिरण्यांतील सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात सामील झाले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मी त्या वेळी पाच वर्षांचा होतो. वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे ते घरोघरची शिवणयंत्रे दुरुस्त करून संसार चालवू लागले. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उधारीने जिन्नस आणण्याचे काम माझ्याकडे असे. पिशवी घेऊन मी दुकानाच्या पायरीवर चढलो की वाणी मोठ्याने म्हणे, "आले! माल कम, उधारी ज्यादा!" दुकानात उभी असलेली सर्व माणसे हसत. ती थट्टा हा हा म्हणता चाळीत पसरली आणि चाळीतून शाळेत पोहोचली. खेळात मी एक धाव काढली तरी "माल कम!", गणितात गुण थोडे पडले तरी "माल कम!" घरात माल खरोखरीच कमी होता, म्हणून ती थट्टा अधिक झोंबे. त्या वयात मला वाटे की, आमचे दारिद्र्य गिरणी बंद पडल्यामुळे नसून माझ्या ह्या चमत्कारिक नावामुळेच आले आहे.

नाव आजोबांनी ठेवलेले. आजोबा जालन्याकडचे. तेथे स्कॉटलंडच्या मिशनचे काम फार जुने. नारायण शेषाद्री ह्यांनी त्या भागात जे कार्य केले त्याची हकिकत आमच्या घरी नेहमी सांगितली जाई. आजोबांस लहानपणी एका स्कॉटिश गुरुजींनी लिहावयास वाचावयास शिकविले, आणि विषमज्वरात रात्री उशाशी बसून त्यांची शुश्रूषा केली. त्या गुरुजींचे आडनाव आमच्या घरात कोणासच आठवत नाही. व्यक्तिनाम मात्र आजोबा विसरले नाहीत. ते त्यांनी आपल्या पहिल्या नातवास दिले, आणि नातू बोलू लागण्यापूर्वीच ते वारले.

१९९२ साली मी शालान्त परीक्षेस बसणार होतो. शाळेच्या नोंदवहीतील नाव बदलून घ्यावयाचे तर ती शेवटची संधी होती, आणि अर्जावर पालकांची सही हवी होती. मी 'मुकुंद' हे नाव निवडले, अर्ज स्वच्छ अक्षरात लिहिला आणि रात्री वडिलांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मुकुंद चांगले नाव आहे," ते म्हणाले. "अर्थ काय रे?"

"मुक्ती देणारा."

"आणि माल्कमचा?"

"मला ठाऊक नाही."

"मग जी वस्तू काय आहे हेच ठाऊक नाही ती टाकून कशी देतोस? आधी अर्थ शोधून आण. मग मी सही करीन."

त्यांनी अर्जाची घडी घालून ती यंत्राच्या सुट्या भागांच्या पेटीत ठेवून दिली. मी रागावलो. अर्थ शोधण्याऐवजी मी महिनाभर त्यांच्याशी बोलणेच टाकले. मुदत निघून गेली, आणि माल्कम हाच परीक्षेस बसला. पुढे विल्सन महाविद्यालयातून मी पदवी घेतली, शिक्षक झालो, 'एम्.' ह्या अक्षराआड राहू लागलो. अठरा वर्षांत तो अर्थ शोधण्याची बुद्धी मला झाली नाही. ती त्या शेवटच्या बाकावरील मुलाने दिली.

त्याच आठवड्यात मी फोर्टमधील टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात गेलो. आणि तेथे पाहतो तो काय, माझाच नामधारी संगमरवरात उभा! सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचा जन्म १७६९ साली दक्षिण स्कॉटलंडात झाला. महाबळेश्वरच्या बाजारपेठेस त्यांच्यावरून माल्कमपेठ असे नाव पडले. त्यांचा तो पुतळा फ्रान्सिस चँट्री ह्या प्रसिद्ध शिल्पकाराने घडविलेला आहे. त्यांच्या बाबतीत माल्कम हे आडनाव होते, माझ्या बाबतीत ते व्यक्तिनाम. परंतु शब्द एकच. मी पुतळ्यास मनातल्या मनात रामराम केला आणि आत जाऊन कोश उघडला.

माल्कम हा शब्द इंग्रजी नव्हेच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व पश्चिमेकडील बेटांवर गेलिक नावाची एक प्राचीन भाषा आहे; आयर्लंडच्या भाषेची ती बहीण. त्या भाषेत ह्या नावाचे जुने रूप 'माइल कोलुम' असे आहे. 'माइल' म्हणजे मुंडण केलेला, अर्थात ज्याने संन्याशाप्रमाणे डोके भादरून स्वतःस कोणाच्या तरी सेवेस वाहून घेतले आहे असा चेला. आणि 'कोलुम' म्हणजे संत कोलुंबा. इ. स. ५६३ मध्ये हा साधू आयर्लंडहून समुद्र ओलांडून आयोना नावाच्या लहानशा बेटावर उतरला, तेथे त्याने मठ स्थापिला, आणि ५९७ साली तेथेच देह ठेवला. स्कॉटलंडात ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्यांत तो अग्रगण्य होय. म्हणून माल्कम म्हणजे 'कोलुंबाचा दास'. आपल्याकडे रामदास, तसा तिकडे माल्कम!

'कोलुंबा' ह्या शब्दाचा अर्थ पाहिला तेव्हा तर मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. हा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ कपोत, म्हणजे कबुतर. हिब्रू भाषेत ह्याच अर्थाचा शब्द 'योना' असा आहे. जो योना संदेष्टा आपल्या मराठी पवित्र शास्त्रात आहे, तो आणि आयोनाचा कोलुंबा हे नावाने एकच. आमच्या मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांचे नाव योना होते. त्यांच्या नावाची कोणी थट्टा केल्याचे मला आठवत नाही. एकाच अर्थाची दोन नावे; एक आपले वाटे, दुसरे परके.

गावदेवीस संत कोलुंबा ह्यांच्या नावाची मुलींची शाळा आहे. मार्गारेट विल्सन ह्या बाईंनी १८३२ साली मुंबईत मुलींच्या शिक्षणाचे जे काम आरंभिले त्यातून ती वाढली. त्या शाळेवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. माझ्या नावाचा अर्धा भाग त्या फाटकावर लिहिलेला आहे हे मला कधी दिसले नाही. डोळे असून न पाहणे म्हणतात ते हेच.

एकदा गोडी लागल्यावर मी एकाच नावावर थांबलो नाही. पुढील काही शनिवार मी ह्याच अभ्यासात घालविले. त्यांतून जे हाती लागले त्यातील काही भाग विद्यार्थिमित्रांच्या मनोरंजनार्थ येथे देतो.

स्कॉटिश नावांचे प्रवाह अनेक आहेत. पहिला प्रवाह गेलिक. डोनल्ड म्हणजे जगाचा सत्ताधीश. आपला 'भूपाल' त्याचा जवळचा भाऊ शोभेल. १८२३ साली मुंबई इलाख्यात आलेले पहिले स्कॉटिश मिशनरी डोनल्ड मिचेल हे ह्याच नावाचे. आले त्याच वर्षी ते वारले. डंकन म्हणजे पिंगट वर्णाचा योद्धा. केनेथ म्हणजे सुंदर. 'मॅक' म्हणजे मुलगा. म्हणून मॅक्‌बेथ ह्याचा शब्दशः अर्थ 'जीवनाचा पुत्र'. शेक्सपिअरच्या नाटकामुळे ज्याचे नाव क्रौर्याशी कायमचे बांधले गेले, त्याच्या नावाचा अर्थ इतका मंगल असावा हा दैवाचा खेळच. त्या नाटकातील डंकन राजाचा मुलगा माल्कम हा इतिहासात तिसरा माल्कम म्हणून प्रसिद्ध आहे. १०५८ पासून १०९३ पर्यंत त्याने राज्य केले. त्याच्या राणीचे नाव मार्गारेट. तिच्या सत्कृत्यांमुळे तिला पुढे संतपद मिळाले. माझ्या आईचे नावही मार्गारेट! परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही मायलेकरे एका राजाराणीची नावे घेऊन स्टोव्ह पेटवीत होतो, हे त्या वेळी कळले असते तर वाण्याच्या थट्टेचा घाव थोडा हलका झाला असता.

दुसरा प्रवाह पवित्र शास्त्रातून व ग्रीक भाषेतून आलेला. योहान तोच इंग्लंडात जॉन व गेलिकमध्ये इयन. याकोब तोच जेम्स व गेलिकमध्ये शेमस. आंद्रिया म्हणजे अँड्र्यू हा स्कॉटलंडचा रक्षक संत; त्याच्या नावाचे स्कॉटिश मंदिर फोर्टात १८१९ पासून उभे आहे. अलेक्झांडर म्हणजे मनुष्यांचा रक्षक. ह्या एका ग्रीक नावाने किती प्रवास केला पाहा: गेलिकमध्ये त्याचे अलास्टेर झाले, आणि इराणमार्गे आपल्याकडे आले ते सिकंदर होऊन. अलास्टेर आणि सिकंदर हे सख्खे भाऊ आहेत असे सांगितले तर परळच्या नाक्यावर कोण विश्वास ठेवील?

तिसरा प्रवाह आडनावांचा. आईच्या माहेरचे आडनाव किंवा एखाद्या स्नेह्याचे आडनाव मुलास व्यक्तिनाम म्हणून देण्याची स्कॉटिश लोकांत फार जुनी चाल आहे. तुकारामांच्या अभंगांचा अभ्यास करणारे मिशनरी जॉन मरे मिचेल ह्यांच्या नावातील 'मरे' हा मूळ एका प्रांताच्या नावावरून आलेला. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याचा जन्म १८४७ साली एडिंबरो येथे झाला. त्यास जन्मतः मधले नावच नव्हते. अकराव्या वर्षी त्याने हट्ट धरून कुटुंबाच्या एका स्नेह्याचे 'ग्रॅहॅम' हे आडनाव आपल्या नावात घालून घेतले. नावाविषयी असमाधानी मुलगा मी एकटाच नव्हतो, हे वाचून मला बरे वाटले. मात्र त्याने एक नाव जोडले, मी एक टाकू पाहत होतो.

स्टुअर्ट ह्या नावाचा इतिहास मराठी वाचकास विशेष ओळखीचा वाटेल. स्टुअर्ट म्हणजे घराची राखण करणारा, कारभारी. स्कॉटलंडच्या राजांच्या पदरी हे एक वंशपरंपरागत पद होते. पुढे त्याच घराण्याकडे राज्य गेले, आणि पदाचे नाव घराण्याचे झाले. आपल्याकडील पेशवे, चिटणीस, फडणीस, कारखानीस ही नावे अशीच नाहीत काय? ज्यांच्या नावाने एल्फिन्स्टन महाविद्यालय आहे त्या गव्हर्नरांचे व्यक्तिनाम माऊंटस्टुअर्ट. त्याचा मराठी अर्थ करावयाचा तर 'कारभाऱ्याचा डोंगर' असा होईल! त्याच आडनावाचे आमचे परळचे स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झाले. गाडीत चढताना जुनी माणसे अजून जुनेच नाव घेतात; नाव फलकावरून उतरले तरी जिभेवरून उतरण्यास एक पिढी जावी लागते.

गमतीची नावेही पुष्कळ. कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा आणि कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. आपल्या वाकडे आणि बोबडे मंडळींनी ह्यावरून समाधान मानावे. डफ म्हणजे काळा, आणि ग्रँट म्हणजे मोठा. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध करणारे जेम्स ग्रँट डफ ह्यांस मराठीत कोणी 'थोरले काळे' म्हटले तर ते चुकीचे होणार नाही. विल्सन म्हणजे विल्‌चा मुलगा. मराठी संतांच्या पदांचे इंग्रजी रूपांतर १९१९ साली प्रसिद्ध करणारे निकोल मॅक्‌निकोल ह्यांच्या पूर्ण नावाचा अर्थ तर 'निकोलच्या मुलाच्या वंशातील निकोल' असा सरळच निघतो.

ह्या सर्वांत मला अत्यंत जवळचे वाटलेले नाव म्हणजे हॅमिश. हे स्वतंत्र नावच नाही. शेमस ह्या नावाची गेलिक भाषेतील संबोधन विभक्ती ऐकावयास 'हेमिश' अशी लागते. अंगणातून आई 'अरे शेमस' अशी हाक मारी, ती परभाषिकांनी ऐकली आणि हाक हेच नाव समजून लिहून घेतले! विद्यार्थिमित्रहो, संबोधन विभक्ती निरुपयोगी आहे असे तुम्ही नेहमी म्हणता. एका देशात तिने सबंध नाव निर्माण केले, हे परीक्षेच्या वेळी ध्यानात ठेवा. आपल्याकडेही हाकेचे नाव झाल्याची उदाहरणे आहेत. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव. घरात बाळ म्हणत, तेच इतिहासात राहिले. जे नाव दप्तरात असते त्याहून जे प्रेमाने हाकारले जाते ते अधिक खरे, असा ह्याचा अर्थ मी घेतो.

नाव ठेवण्याची स्कॉटिश रीतही आपल्यास परकी नाही. तेथे पूर्वी पहिल्या मुलास बापाच्या बापाचे, दुसऱ्यास आईच्या बापाचे आणि तिसऱ्यास स्वतः बापाचे नाव देत. मुलींच्या बाबतीत पहिलीस आईच्या आईचे व दुसरीस बापाच्या आईचे. बाळाजी विश्वनाथाचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, हे ज्यांस पाठ आहे त्यांस ही रीत निराळी शिकवावी लागणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ख्रिस्ती झाल्यावर नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. मुंबईत १८३९ साली बाप्तिस्मा घेतलेले धनजीभाई नौरोजी शेवटपर्यंत धनजीभाईच राहिले. नारायण शेषाद्री, बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक ह्यांपैकी कोणीही आपले जुने नाव टाकले नाही. तेव्हा आजोबांवर सक्ती कोणाचीच नव्हती. ज्या माणसाने आपल्या उशाशी रात्री जागून काढल्या त्याची आठवण नातवाच्या रूपाने घरात वावरावी, एवढाच त्यांचा हेतू. ह्या दृष्टीने माझे नाव कृतज्ञतेचे नाव आहे, आणि मी ते लपवीत आलो होतो.

अर्थ हाती आला त्या संध्याकाळी मी वडिलांकडे गेलो. श्वासाच्या विकाराने ते बरेच दिवस अंथरुणावर होते. पाऊस लागून राहिला होता. मी खाटेशेजारी बसून म्हटले, "बाबा, माल्कमचा अर्थ सापडला."

अठरा वर्षांपूर्वीचा विषय काल संध्याकाळीच थांबला असावा तसे ते म्हणाले, "सांग."

मी आयोनाचे बेट, मुंडण केलेला चेला, कोलुंबा आणि कपोत, सर्व सांगितले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग हळूच हसले. "म्हणजे कबुतराचा चेला! तरीच. लहानपणी उपासनेहून परतताना दादरच्या कबुतरखान्यापाशी तू बसकण मारीत असस. ओढून न्यावे लागे." थोडा वेळ श्वास घेऊन त्यांनी भिंतीकडील पेटीकडे बोट केले. तीच ती सुट्या भागांची पेटी. तिच्या तळाशी, तेलाचे डाग पडलेला, घडीवर फाटावयास आलेला माझा अर्ज होता.

"अर्थ शोधून आणलास," ते म्हणाले. "आता सही करू का?"

त्यांनी शब्द दिला होता, आणि तो अठरा वर्षे पेटीत जपून ठेवला होता. मला काही बोलवेना. मी अर्ज परत घडी केला आणि "नको" एवढेच म्हणालो. त्यांनी माझा हात थोपटला. त्याच वर्षी, नाताळापूर्वी, ते गेले. शेवटच्या आठवड्यात ते मला पूर्ण नावाने हाक मारीत. त्या हाकेत 'माल कम' कोणास ऐकू आले नसते.

दुसऱ्या सोमवारी मी वर्गात फळ्यावर माझे नाव प्रथमच पूर्ण लिहिले व त्याचा विग्रह करून दाखविला. शेवटच्या बाकावरील तो मुलगा उभा राहून म्हणाला, "म्हणजे सर, आमच्या रामदाससारखेच की!" वर्गात रामदास नावाचा विद्यार्थी होता, तो लाजला. त्या क्षणापासून माझे नाव त्या वर्गात परके राहिले नाही.

पुढे मला मुलगी झाली. रीतीप्रमाणे तिला माझ्या आईचे नाव द्यावे असे घरात ठरले. मार्गारेट हा मूळ ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ मोती. मी तिचे नाव मुक्ता ठेवले. आजीचे नाव तिला मिळाले, आणि मुक्ताबाईचेही मिळाले. तिने पहिल्यांदा शाळेतून येऊन "माझ्या नावाचा अर्थ काय?" असे विचारले तेव्हा मला 'उद्या' म्हणावे लागले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी एखाद्याचे नाव इतरांस चमत्कारिक वाटत असेल, त्यावरून कोणी हसत असेल, तर ते टाकण्याची घाई करू नका. आधी त्याचा शोध घ्या. मग टाकावेसे वाटले तर खुशाल टाका. आणि दुसऱ्याच्या नावावर हसण्यापूर्वी ध्यानात आणा की, ते कोणीतरी कोणाच्या तरी आठवणीने ठेवलेले असते. पालकांस एवढीच विनंती की, मुलांनी न विचारताही ह्या गोष्टी त्यांस सांगाव्यात. आमच्या घरी त्या स्कॉटिश गुरुजींचे आडनाव कोणी वेळीच विचारले नाही. ते आता कोणासही विचारता येत नाही.

यंदापासून ह्या पानावर मी माझे नाव पूर्ण लिहीत आहे. तो अर्ज माझ्यापाशी अजून आहे. सहीची जागा कोरीच आहे.